जोडे पाहणारा मिस्त्री

तुमची मोटार, घड्याळ, पाण्याचा पंप, काहीही बंद पडले तेव्हा त्यात नेमके काय बिघडले होते, हे दुरुस्त करणाऱ्याने तुम्हाला खरे सांगितले होते का? तुम्ही लगेच 'हो' म्हणाल. जरा थांबा. त्या वेळी तुमच्या पायांत काय होते, ते आधी आठवा.

हा प्रश्न मला बिसन मिस्त्रीने शिकवला. गोंदियात स्टेशनकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर त्याचे दुकान होते. मोटारीतले डायनामो, बॅटऱ्या, दिवे, भोंगे, थोडक्यात जिथे म्हणून वीज खेळते ते सगळे त्याचे. दोन तारांना जोडलेला एक छोटा दिवा तो डॉक्टरच्या नळीसारखा गळ्यात अडकवून असे. गाडी दारात येऊन थांबली की कुठलाही मिस्त्री बॉनेटकडे जातो. बिसन जात नसे. तो आधी मालकाच्या पायांकडे बघे. जोडे कसले आहेत, पॉलिश आजचे की परवाचे, टाच कुठे झिजली आहे, हे सगळे एका नजरेत वाचून घेई आणि मगच बाह्या सरसावी.

"बिघाड दोन असतेत गा," तो मला म्हणे. "एक गाडीतला. तो काढाचा. दुसरा मालकाले सांगाचा. पयला चुकला त गाडी परत येते. दुसरा चुकला त मालक परत येत नाई."

चकचकीत काळे बूट म्हणजे सरकारी साहेब. साहेबाच्या गाडीतला प्रत्येक बिघाड पेट्रोलमुळे झालेला असे. बॅटरी उतरली तरी पेट्रोलमुळे. बॅटरीचा आणि पेट्रोलचा काय संबंध, हे एकाही साहेबाने कधी विचारले नाही. गोंदियात माल खराब मिळतो, एवढे ऐकूनच त्यांचे समाधान होई. वकिलाच्या पंपशूंना तो मागच्या मिस्त्रीची चूक सांगे, मग तो मागचा मिस्त्री स्वतः बिसनच का असेना. ठेकेदाराच्या मातकट बुटांपुढे मात्र तो रस्त्याचे नाव चुकूनही काढत नसे, कारण रस्ता ठेकेदारानेच बांधलेला असे. ठेकेदाराला हवामान. आणि जरीच्या मोजड्या घातलेले शेठ आले की कारण ठरलेले होते: ड्रायव्हर.

स्वतःबद्दल सांगताना त्याला जोडे पाहावे लागत नसत. युद्धाच्या काळात तो म्हणे फौजेच्या वर्कशॉपमध्ये होता. तिथे एका कप्तानाची जीप त्याने चुटकीसरशी चालू केली, "नाई त जपानी सिद्धा जबलपूरपर्यंत आला असता बाप्पा!" जपान्यांना जबलपुरात काय काम होते, असे मी एकदा विचारले. तो म्हणाला, "ते त्यायले इचार. मी फक्त जीप चालू केलो."

त्याच्या भिंतीला भिंत लावून आमचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि दुकानांची बिले छापून पोट भरायचे आणि उरलेल्या कागदावर विडी कामगारांची पत्रके छापायची, असा आमचा संसार. मजकूर मी लिहीत असे. बिसन त्यांना पर्चे म्हणे आणि मला पर्चेवाला. नवे पत्रक निघाले की माझ्याकडून वाचून घेई आणि दाद द्यायची सोडून म्हणे, "सोमवारी तू छापतं 'मालकशाही मुर्दाबाद', आन् मंगळवारी त्याच मालकाच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका छापतं. मंग तुह्यात आन् माह्यात फरक काय गा?" यावर माझ्याकडे उत्तर होते. ते लांबलचक होते. तो ऐकायला थांबत नसे.

पण माझ्याशी तो खोटे बोलत नसे, हेही लिहिले पाहिजे. आमच्या यंत्राची मोटर बंद पडली की तो बोलावण्याची वाट न पाहता यायचा, उघडायचा, आणि स्पष्ट सांगायचा, "तुहीच चूक हाय. तेल टाकाले सांगलो होतो, टाकला नाई." पैशाचे नाव काढत नसे. मला आधी वाटले, हा आपल्याला मानतो. मग एक दिवस माझी नजर माझ्याच पायांकडे गेली. चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि मी तो सुतळीने बांधला होता. बिसन मिस्त्री खरे बोले ते ज्यांच्याकडून त्याला कसलीच भीती नव्हती त्यांच्याशी. तशी माणसे गोंदियात पुष्कळ होती, पण त्यांच्याकडे मोटारी नव्हत्या.

आता शेठजींची गाडी. आमच्या गावातल्या मोठ्या विडी कारखान्याचे ते मालक. संस्थाने विलीन झाली आणि छत्तीसगडकडच्या एका राजाला आपली अमेरिकन मोटार विकावीशी वाटली, ती शेठजींनी घेतली. लांबी एवढी की बाजारात वळताना दोनदा मागेपुढे करावे लागे. पण तिचे खरे वैभव डिकीत होते. तिथे एक थंड हवेचे यंत्र बसवलेले होते. दोन पंखे ती गार हवा मागच्या सीटवर, बसणाऱ्याच्या बरोबर मानेवर सोडत. लोक तिला बर्फाची गाडी म्हणत. मे महिन्यात, जेव्हा धानाच्या गिरण्यांचे हमाल डोक्यावर ओले पोते घेऊन चालतात, तेव्हा शेठजी काचा वर करून आणि गळ्यात लोकरीचा गुलूबंद गुंडाळून बाजारातून जात. मानेला सर्दी होऊ नये म्हणून! राजाचे राज्य गेले, पण त्याची थंडी आमच्या गावात येऊन राहिली.

त्याच शेठजींच्या कारखान्यातल्या बायका पत्र्याखाली विड्या वळत बसत. दिवसभर वळलेल्या विड्यांतून ठेकेदार काही हलक्या म्हणून बाजूला काढी. त्याला छाट म्हणतात. छाटीची मजुरी मिळायची नाही आणि विड्याही परत मिळायच्या नाहीत. त्या साली आमचे पत्रक या छाटीवर होते आणि ते वाटणाऱ्यांत फागूची बायको पुढे होती. फागू उईके हा शेठजींचा ड्रायव्हर. सालेकसाकडचा गोंड, बोलायला कमी, हात हलका. ती लांब गाडी तो बैलबाजाराच्या गर्दीतूनही अशी काढी की कोणाच्या धोतराला धूळ लागत नसे.

त्याच साली उन्हाळ्यात गाडीतली ती थंडी बंद पडली. कोणाला कळले नाही, कारण शेठजींनी काचा खाली केल्या नाहीत. काचा खाली केल्या असत्या तर यंत्र बंद पडले हे गावाला कळले असते. म्हणून ते बंद काचांत, गुलूबंद लावून, तसेच फिरत राहिले. बाहेरून आम्हाला त्यांचा लाल होत चाललेला चेहरा दिसे आणि आम्ही समजत असू की शेठजींची तब्येत सुधारते आहे. पुढे बसलेला फागू त्याच भट्टीत भाजत होता. त्याला गुलूबंदाची सक्ती नव्हती, एवढीच सवलत.

शेवटी एके दुपारी गाडी बिसनच्या दारात आली. दार उघडले आणि आतून शेठजी वाफेसारखे बाहेर पडले. बिसनने मोजड्यांकडे पाहून हात जोडले.

"मिस्त्री, ये ठंडी क्यों नहीं दे रही?" शेठजींनी विचारले आणि उत्तराआधीच स्वतः सांगून टाकले, "मुझे तो मालूम है. इसकी औरत पर्चे बाँटती है, और इसने तार काट दी. तू बस देखके बता."

फागू गाडीतून उतरून बाजूला उभा राहिला. शेठजी सावली शोधत आमच्या छापखान्यात शिरले, कारण आमच्याकडे टेबलफॅन होता. ते बसले ते छाटीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर. फॅनचा वारा कमी पडला म्हणून त्यातलेच एक ओढून त्यांनी वारा घ्यायला सुरुवात केली. माझ्या लिखाणाचा मालकवर्गाला झालेला हा पहिला आणि शेवटचा उपयोग. मी त्यांना तिथेच सोडून बिसनच्या मागे गेलो.

इथे त्याचे कौतुक केलेच पाहिजे. बिसन काम करू लागला की त्याची बडबड थांबे. त्याने डिकी उघडली, पंख्याचे पाते बोटाने फिरवून पाहिले. मोकळे फिरत होते. पंख्याच्या मोटरला येणाऱ्या दोन्ही तारा सोडवून त्यांना गळ्यातला छोटा दिवा लावला. दिवा लख्ख लागला. म्हणजे वीज येत होती. मग पंखा का फिरत नव्हता? त्याने ती मोटर बाहेर काढून वेगळ्या बॅटरीवर लावली. गरगर फिरली. म्हणजे मोटरही चांगली. फागू आणि मी एकमेकांकडे पाहिले. वीज येते, मोटर चालते, आणि पंखा उभा!

बिसनने आत जाऊन हेडलाइटचा मोठा दिवा आणला. तो मोटरच्या जागी, त्याच दोन तारांवर लावला. छोटा दिवा लख्ख लागला होता, तिथे मोठ्या दिव्याची तार विझत्या विडीइतकी तांबूस झाली, बस. मग त्याने येणारी तार तशीच ठेवली आणि दुसरी काढून गाडीच्या खरवडलेल्या लोखंडाला टेकवली. दिव्याने डोळे दिपले.

"समजला का गा?" तो मला म्हणाला. "वीज नुसती येऊन चालत नाई. तिले परत जायाले बी वाट लागते. छोट्या दिव्याले पायवाट पुरते. पंख्याले सडक पायजे. याची परतीची सडक बंद हाय."

परतीची काळी तार सीटच्या मागे एका बोल्टखाली लोखंडाला कसलेली होती. बिसनने पाना लावला, नट सोडवला, तार उचलली. तिच्या आणि लोखंडाच्या मध्ये काहीतरी होते. ओले, काळपट लाल, चिकट. त्याने नखाने ओढले तसे ते लांबत बाहेर आले. पूजेचा धागा. तूप आणि शेंदूर लागलेला, यंत्राच्या गळणाऱ्या पाण्याने कुजलेला, आणि त्याच्याभोवती गंजाचा पोपडा.

बिसनचा हात थांबला.

"मिस्त्री," फागू हळू आवाजात म्हणाला, "हा त तुमीच बांधला ना, दसऱ्याले. पाना मीच देलो होतो."

ते असे झाले होते. दसऱ्याला शेठजींकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. तराजूला धागा, शिवणयंत्राला धागा, टेलिफोनलासुद्धा धागा. थंडीच्या यंत्राची पाळी आली तेव्हा पंडितजींनी विचारले, या यंत्राची नाभी कोणती? हा प्रश्न पंडितजींना कुठल्याही ग्रंथाने पाडला नसता, पण नवे यंत्र होते, शेठजी उभे होते. धागा पेटीच्या कडीला बांधला असता तर देवाचीही हरकत नव्हती आणि विजेचीही नव्हती. पण शेठजींनी बिसनकडे पाहिले, बिसनने मोजड्यांकडे पाहिले, आणि तो म्हणाला, "इथून सारी वीज परत जाते शेठजी, हीच नाभी." मग स्वतःच्या हाताने नट सोडवून, धागा तारेखाली गुंडाळून, वरून कसून दिला. हिवाळाभर यंत्र कोण लावणार? उन्हाळ्याचे पहिले काही दिवस ते कसेबसे चालले, मग पाणी झिरपत गेले आणि गंजाने उरलेली वाट बंद केली.

म्हणजे फागूने काहीच केलेले नव्हते. आणि हे जगात तिघांनाच ठाऊक होते. त्यातल्या एकाचे कोणी ऐकणार नव्हते, कारण तो ड्रायव्हर. दुसऱ्याचे कोणी ऐकणार नव्हते, कारण तो पत्रकवाला. उरला तिसरा.

शेठजी बाहेर आले. "क्या निकला?"

बिसनने लोखंड खरवडले, तार कसली, मोटर जोडली, बटण दाबले. गार हवेचा झोत आला. शेठजींचा चेहरा उजळला. मग बिसन खाली बघत म्हणाला, "तार ढिल्ली होती शेठजी. ड्रायव्हरचं ध्यान नोहतं."

"ढिली थी या ढिली की गई?"

बिसनने पुन्हा मोजड्या पाहिल्या. "आता मी काय सांगू शेठजी. तुमी समजदार आहा."

मी ओरडलो, "हातात काय लपवलं ते दाखव आधी!" शेठजींनी माझ्याकडे असे पाहिले की जणू त्यांच्या गठ्ठ्यातले पत्रकच बोलले. बिसनने दोन्ही हात पुढे केले. मूठ रिकामी होती. धागा त्याने मनगटाला गुंडाळला होता. साऱ्या बाजाराच्या देखत, डाव्या मनगटाला, प्रसादाचा गंडा असतो तसा. शेठजींनी तो पाहिला आणि बिसनच्या श्रद्धेवर खूश होऊन मान हलवली. मी कितीतरी पत्रकांत ढोंग हा शब्द लिहिला आहे. तो इतका नीट बांधलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

शेठजींनी फागूपुढे हात केला आणि त्याने किल्ली काढून दिली. गाडी घरी नेणारे दुसरे कोणी नव्हते, म्हणून बिसनच चाकामागे बसला. काचा वर गेल्या, गुलूबंद चढला, आणि बर्फाची गाडी निघून गेली. फागू रस्त्याच्या कडेला उभा होता. त्याने खिशातून विडी काढली, पाहिली, आणि परत ठेवून दिली.

बिसन गाडी पोहोचवून परत आल्यावर मी त्याला सोडले नाही. तूच बांधलास, तूच काढलास, आणि नोकरी त्याची गेली! बिसन हात पुसत राहिला. "शेठनं त्याले आधीच काढला होता गा. गाडीतून उतरतानाच काढला. मी फक्त बिघाडाले नाव देलो."

"ते नाव खोटं होतं."

"अन् खरं सांगलो असतो त? पंडितजी खोटे, पूजा खोटी, शेठ खोटा, मी खोटा. चौघं खोटे करण्यापेक्षा एक ड्रायव्हर खोटा केलो. तूच सांग, तुह्या पर्च्यात काय लिहितं, बहुसंख्या?"

माझ्या शब्दांचा असा वापर मी आजतागायत माफ केलेला नाही.

फागूचे प्रकरण नोकरीवर थांबले नाही. तार तोडणारा ड्रायव्हर, ही ओळख त्याच्या पुढे पुढे चालू लागली. धानाच्या ट्रकवाल्यांनी त्याला दारातूनच परत पाठवले. तिकडे त्याच्या बायकोच्या विड्यांत छाट एकदम वाढली. पावसाळ्यात तो बिसनकडे आला. बिसनने आपणहून विचारले, "माह्या दुकानात काम करतं का? मी काही तुले रिकामा ठेवाले बसलो नाई."

"नोको," फागू म्हणाला. "तुमच्याकडे बसलो त लोक म्हनतीन, तारा तोडाले इथंच शिकला. मले काम देऊ नोका. माहं नाव साफ करून द्या. चार मानसांत सांगा, तार मी तोडलो नाई."

"कोनाले सांगू?"

"ज्याले खोटं सांगला, त्याले."

बिसनने त्याच्या पायांकडे पाहिले. पाय चिखलाने भरलेले होते. पायांत काहीच नव्हते. तो एवढेच म्हणाला, "खरं आहे तुहं." आणि आत निघून गेला. त्याच्या मनात काय झाले असेल, याचा मी बराच विचार केला. काही झाले नव्हते. फागूला तो खरेच बोलला होता, नेहमीसारखा. खरे बोलण्याची त्याची जागा तेवढीच होती.

पुरावा हवा असेल तर पुढचा दसरा. शेठजींनी पुन्हा बोलावले, पंडितजी पुन्हा नाभीपाशी उभे राहिले, आणि बिसनने पुन्हा नट सोडवून नवा धागा, त्याच जागी, तसाच बांधला. मी थक्क झालो. "कायले बांधला बे? तुला ठाऊक आहे काय होतं ते!"

"शेठ उभा होता. जागा बदललो असतो त त्यानं इचारला असता, काऊन बदलली." मग किंचित हसून, "आन् बंद पडली त माह्याकडेच येईन ना गा."

ती आली. पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, बाजाराच्या दिवशी.

शेठजींनी नवस बोलला होता. घरात कोणाला तरी बरे वाटले म्हणून नागऱ्याच्या महादेवाला अनवाणी जायचे. नवस अनवाणी जाण्याचा होता, पायी जाण्याचा नव्हता. म्हणून शेठजी अनवाणी, पण बर्फाच्या गाडीतून, काचा वर करून निघाले. आता गाडी त्यांचा मेव्हणा चालवीत होता, कारण तारा तोडणाऱ्यांवर त्यांचा विश्वास राहिला नव्हता. बाजाराशी येता येता पंखे थांबले आणि देवापर्यंत पोहोचेतो शेठजींचा धीर टिकला नाही.

गाडी बिसनच्या दारात लागली. बाजारकरी थांबले. बर्फाची गाडी बंद पडली तर कोण थांबणार नाही? ट्रकवाले होते, सालेकसाकडे बस चालवणारा एक मोटारमालक होता, चहाच्या टपरीवर फागूही होता. बिसनने या वेळी दिवेसुद्धा लावले नाहीत. सरळ नट सोडवला, धागा ओढून काढला, आणि तार कसली. हवा सुरू झाली. मेव्हणा टाळ्या पिटत खाली उतरला.

दार उघडून शेठजीही उतरले. आणि उतरताच नाचू लागले. डांबर तापून मऊ झाले होते आणि त्यावर शेठजींचे दोन गोरे, मऊ, उघडे पाय होते. एक उचलावा तर दुसरा भाजे. "क्या था? जल्दी बोल! क्या था?"

बिसनने सवयीप्रमाणे खाली पाहिले.

मी त्याचा चेहरा पाहत होतो. तो वाचायला गेला आणि पान कोरे निघाले. मोजडी नाही, बूट नाही, चप्पलसुद्धा नाही. नाचणारे दोन पाय, फागूच्या पायांसारखेच, फक्त कमी चाललेले. बिसनच्या तोंडातून, इतकी वर्षे अशा पायांसाठी राखून ठेवलेले उत्तर निघून गेले.

"धागा होता शेठजी. दसऱ्याचा. मीच बांधलो. मागल्या साली बी हाच होता. फागूनं तार तोडली नोहती."

शेठजी एका पायावर थांबले. भाजत असूनही थांबले.

"तो उस वक्त क्यों नहीं बोला?"

बिसनने वर पाहिले. बहुतेक पहिल्यांदाच त्याने शेठजींचा चेहरा नीट पाहिला.

"तवा तुमच्या पायांत जोडे होते."

शेठजी गाडीत बसले. काच वर गेली. त्यांनी फागूकडे पाहिलेसुद्धा नाही आणि त्याला परत बोलावलेही नाही. तशी आशा कोणी करत असेल तर त्याने आमची पत्रके वाचावीत. पण चार माणसांत सांगायचे होते ते सगळ्या बाजारात सांगून झाले होते. सालेकसाच्या बसवाल्याने त्याच आठवड्यात फागूला चाकावर बसवले. छाट मात्र अजून चालू आहे.

बिसन मिस्त्रीला याबद्दल हुतात्मा करू नका. मी तसे पत्रक लिहायला बसलो होतो, त्याने ते माझ्या हातून ओढून बॅटरी पुसली. शेठजींची गाडी पुन्हा त्याच्याकडे आली नाही. मग वकील येईनासे झाले, साहेबही येईनासे झाले. ज्या मिस्त्रीच्या तोंडून बाजारात खरे निघते, त्याच्याकडे मोटार नेण्याचे धैर्य लागते. तो शेवटपर्यंत कुरकुरत राहिला. "एकदा खरं बोललो गा, एकदाच. ते बी डांबर तापला होता म्हनून." रिकाम्या दुकानात बसून मला हे रोज ऐकवणे, हा त्याचा उद्योग झाला. गेल्या हिवाळ्यात तो वारला. आम्ही त्याला नेत होतो तेव्हा सालेकसाची बस समोरून आली, बाजूला घेऊन उभी राहिली, आणि फागू उतरून आमच्याबरोबर चालला. पायात नवे, कोरे बूट होते. तिरडीपाशी येताच त्याने ते काढून हातात घेतले. "मिस्त्री जोडे पाहून आता बी खोटं बोलाले लागन," तो माझ्या कानाशी म्हणाला. मी हसलो. तो हसला नाही.

म्हणून वाचकहो, एक विनंती आहे. तुमच्याकडे काही बंद पडेल आणि तुमच्या मनात एखाद्या फागूचे नाव आधीच ठरलेले असेल, तेव्हा मिस्त्रीला नाव विचारू नका. तुमचे जोडे दाराबाहेर काढून ठेवा, तापल्या जमिनीवर त्याच्यासमोर उभे राहा, आणि म्हणा, "आतून काय निघालं, ते माझ्या हातावर ठेव." किल्ली काढून घ्यायची असेल तर मग काढून घ्या.